खाऱ्या वाऱ्याच्या बेल्स

'हेवी बेल्स' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा. नोकरी नवीन, रत्नागिरी नवीन, आणि देवरूखच्या पलीकडच्या वाडीतून आलेला मी बऱ्यापैकी बावळट. मांडवीकडच्या एका गल्लीत खोली आहे असं कचेरीतल्या शिपायाने सांगितलं होतं. ओटीवर एक उंच, सुकलेले, उघडेबंब गृहस्थ बसले होते. मी भाडं विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किती वेळ उभं राहता येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे उभं. उन्हात. न बसता, तंबाखू न मळता, कोणाशी गप्पा न मारता."

मी म्हटलं, येतं. भाताच्या लावणीला दिवसदिवस चिखलात ओणवा राहिलेला मी, मला नुसतं उभं राहायचं काय कौतुक. तेव्हा त्यांनी आत हाक मारून पाण्याचा ग्लास मागवला. मला वाटलं पाहुण्याला पाणी. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तुला नाय." मग उशाकडची एक पत्र्याची डबी उघडली, आतलं जुनं लुगड्याचं फडकं बाजूला केलं आणि बोटभर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते असे लाकडी तुकडे काढले. क्रिकेटच्या तीन स्टंपांवर आडव्या ठेवतात त्या बेल्स. त्यातली फिकट रंगाची एक त्यांनी ग्लासात टाकली. ती तरंगली. मग दुसरी टाकली, काळपट हिरवी. ती सरळ तळाला गेली.

"लाकूड बुडताना बघितलंयस कधी?"

"नाही."

"मग बघून ठेव. ही हेवी बेल. आपल्याकडे दुपारी समुद्रावरनं वारा सुटला की साधी बेल स्टंपवर टिकत नाय, सारखी खाली. तेव्हा ही ठेवायची. अख्ख्या रत्नागिरीत ही चीज ह्या एका घरात आहे. खोली पाहिजे असेल तर दर रविवारी माझ्याबरोबर पंच म्हणून उभं राहायचं. मला दुसरा पंच टिकत नाय."

का टिकत नाही ते मला तिसऱ्याच रविवारी कळलं. पण तोवर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातची तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी दोनदा खाल्ली होती, आणि त्यानंतर ते घर सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं.

परवा टीव्हीवर कुठलीतरी मॅच चालू होती. वारा सुटला, पंचांनी हेवी बेल्स मागवल्या, आणि समालोचन करणारा पोरगा काय म्हणाला माहीत आहे? "या बेल्स फलंदाजांच्या सोयीसाठी असतात." मी सोफ्यावरून उठून त्या टीव्हीला अर्धा तास झापलं. आकार सूतभरही वेगळा नसतो, फक्त वजन वेगळं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठेवायच्या, एका बाजूला साध्या आणि दुसऱ्या बाजूला जड असं चालत नाही. फलंदाजाची सोय, गोलंदाजाची गैरसोय हा प्रश्नच नाही. वारा हे एकच कारण. बायको म्हणाली, "त्याला ऐकू जात नाही हो तिकडे." मला ठाऊक आहे ऐकू जात नाही ते. पण काकांनी मला दोन वर्षं जे पढवलं ते असं कोणी चुकीचं सांगितलं की अंगाचा तिळपापड होतो, त्याला मी काय करणार.

काकांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. सगळे काकाच म्हणायचे, आणि पाठीमागे 'वारेकाका'. तेवीस वर्षं मालवाहू बोटींवर सुतार होते. मांडवीतली दुसरी खलाशी माणसं निवृत्त झाली की गल्लीत त्यांना कप्तान म्हणायची पद्धत होती. काकांना कोणी कप्तान म्हटलं तर त्याची धडगत नसे. "कप्तान बोट नेतो. बोट शाबूत ठेवतो तो सुतार," असं ऐकवायचे. बोटीवरची आणखी एक सवय म्हणजे माणसाला गावाच्या नावाने हाक मारणं. मासे घेऊन येणारी बाई 'हर्णे', पोस्टमन 'पावस', आणि मी 'देवरूख'. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्या लाकडाची कथा त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितली असेल. जुन्या बोटींमध्ये पंख्याचा दांडा मागून जिथे बाहेर पाण्यात जातो तिथे आतून एका परदेशी लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असत. काका त्याला 'लिग्नम' म्हणायचे. लाकूड इतकं घट्ट आणि अंगचं तेलकट की वर्षानुवर्षं दांडा त्यावर फिरला तरी झिजायला दमतं. एकदा गोदीत बोट दुरुस्तीला लागली, जुन्या पट्ट्या काढून टाकल्या, त्यातला वीतभर तुकडा काकांनी मागून घेतला. कशाला, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे कुठल्याशा गोऱ्यांच्या बंदरात बोट आठवडाभर अडकली असताना ते एका मैदानावर जाऊन बसायचे, आणि तिथे त्यांनी वारा सुटल्यावर पंचाला खिशातून दुसऱ्या बेल्स काढताना बघितलं. सामना संपल्यावर जाऊन विचारलं. त्या म्हाताऱ्या पंचाने बेल हातात दिली. काकांनी नखाने खरवडून वास घेतला. तेच लाकूड.

"मला त्या दिवशी कळलं, मी तो तुकडा का उचलला होता," ते म्हणायचे. घरी आल्यावर एक अख्खा पावसाळा पटाशी, कानस आणि काचकागद घेऊन त्यांनी त्या वीतभर तुकड्यातून चार बेल्स काढल्या. तुकडा संपला, एक चूक झाली असती तर चौथी झालीच नसती. काकू म्हणायच्या, "लग्नात मी बोहल्यावर उभी होते तेव्हा माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नाय ह्यांनी." आणि खरंच, काका त्या काड्या डोळ्यांशी धरून बघत तेव्हा घरात बोलायची चोरी असे.

काकूंनीच एकदा मोठा घोटाळा केला. बरणीतले मिठातले आंबे सारखे वर येत होते. त्यावर ठेवायचा दगड कुठेतरी गेला होता. काकूंना आठवलं, ह्यांच्या काड्या बुडतात. त्यांनी दोन हेवी बेल्स स्वच्छ धुऊन फडक्यात बांधल्या आणि आंब्यांवर ठेवून दिल्या. रविवारी सकाळी डबी उघडली तर हेवी बेल्स दोनच. घरात जो काय हलकल्लोळ झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बरणीतून बेल्स निघाल्या तेव्हा काकांचा चेहरा पडला. "खार प्यायल्या असतील. वजन बदललं असेल," एवढंच म्हणाले, आणि मला घेऊन थेट सराफाकडे गेले. सोन्याच्या काट्यावर चारही बेल्स एकेक करून तोलल्या. सराफ बिचारा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, घडणावळ काय लावू?" काकांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. दोन बेल्स गुंजभर जड भरल्या होत्या. पुढचे तीन आठवडे त्या सावलीत वाळल्या, दर शनिवारी आम्ही सराफाकडे, आणि चारही बरोबर होईपर्यंत काकांनी एकही सामना घेतला नाही. लोकांनी शिव्या घातल्या. काकूंनी तर आंब्याची फोड त्यांच्या पानात वाढणंच बंद केलं.

मैदान समुद्राच्या अंगाला. लाल मातीवर काथ्याची मॅट अंथरून खेळायचं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा, तो मवाळ. दुपारी जेवणं झाली की खारा वारा सुरू, तो टोपी उडवणारा. काकांच्या सदऱ्याच्या खिशात शेवरीचा कापूस असे. दर ओव्हरनंतर त्यातला चिमूटभर बोटांत धरायचा आणि सोडायचा. कापूस किती लांब गेला ते बघायचं. त्यावरून बेल्स साध्या की हेवी ते ठरायचं.

आणि बदलायची रीत. ती मात्र मी कुठेच बघितली नाही, त्यांचीच स्वतःची. दोन पंचांपैकी एकाने विचारायचं, "बदलूया?" दुसऱ्याने होय म्हणायचं. मग दोन्ही कप्तानांना बोलावून जुन्या आणि नव्या बेल्स त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. हे सगळं ओव्हर संपल्यावर, मध्ये नाही. आणि एक कलम असं, की ज्या पंचाचं कोणी मैदानात खेळतंय त्याने आपण होऊन विचारायचं नाही. मी म्हटलं, "काका, हे क्रिकेटच्या कुठल्या नियमात आहे?" म्हणाले, "नियमात नाय. रत्नागिरीत आहे." खरंच होतं म्हणा. तालुक्यातल्या सामन्यांत अर्धं मैदान एकमेकांचे मेहुणे आणि चुलतभाऊ असतं, तिथे असलं कलम नसेल तर रोज डोकी फुटायची.

फारच वारा असला की बेल्स काढून टाकून नुसत्या स्टंपांवर खेळायची मुभा नियमात आहे. मग चेंडू लागला की नाही ते पंचाने ठरवायचं. काका त्याच्या ठार विरोधात. "मग सगळं माझ्या मनावर. माझ्या मनाचं तुला काय सांगू, ते सकाळी एक असतं, संध्याकाळी एक. बेल पडली की पडली. तिला कोणी काका नाय, मामा नाय." या माणसाला आपल्या मनाची इतकी धास्ती का, ते मला त्या वयात कळत नव्हतं.

सुहास त्यांचा एकुलता मुलगा. एकोणिसावं चालू होतं. ओहोटीला वाळू कडक होते त्यावर धावून धावून त्याने गोलंदाजी कमावली होती, आणि काय सुंदर टाकायचा म्हणून सांगू. बापासारखाच उंच. चेंडू टप्पा पडून आत यायचा, फलंदाजाला बॅट खाली आणायला उशीरच व्हायचा. घरात मात्र त्याच्या गोलंदाजीबद्दल अवाक्षर नाही. आठ बळी घेऊन आला तरी काका म्हणणार, "बूट बाहेर काढ, माती येते." मी एकदा सुहासला म्हटलं, "काका तुझं कौतुक करत नाहीत, पण बघतात बरं का." तो हसला. म्हणाला, "ते वाऱ्याकडे बघतात. मला बघायला वेळ कुठाय त्यांना." हसत म्हणाला, पण ते त्याला लागलेलं होतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात वेगवान गोलंदाजाची एकच जागा उरली होती. सुहासचं वयात बसायचं ते शेवटचं वर्ष. दुसरा उमेदवार चिपळूणकडच्या संघातला, आणि नेमका त्याच संघाशी आमचा अंतिम सामना. निवड करणारे दोघे गृहस्थ मांडवात खुर्च्या टाकून बसणार होते. काकांनी पंच व्हायला नकार दिला होता. पण चिपळूणचा कप्तानच घरी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही असाल तरच आम्ही खेळतो. दुसरा कोण तुमच्यासारखा सरळ मिळणार आम्हाला?" यावर माणसाने काय बोलावं. काका उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत अर्थात मी.

आमच्या पोरांनी आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. चिपळूणच्या त्या गोलंदाजाने तीन बळी घेतले. मग त्यांची फलंदाजी, आणि दुपारचा वारा असा की मांडवाची कनात फाटते की काय. हेवी बेल्स चढल्या. पाणी प्यायला खेळ थांबला तेव्हाही वारा तसाच, बेल्सही तशाच. सुहासने तोवर दोन काढले होते. त्यांचा सलामीचा फलंदाज मात्र पाय रोवून उभा होता, आणि तो गेला की सामना आमचा, हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही दिसत होतं.

मी सीमारेषेकडे पाठ करून स्क्वेअर लेगला. माझ्या मागे चिपळूणहून ट्रक भरून आलेली मंडळी. त्यांच्यातला एकजण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "एक पंच बाप, दुसरा भाडेकरू. दोघं एकाच चुलीवरचं जेवतात." बाकीचे हसले. माझे कान तापले. मी तेवीस वर्षांचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा कारकून. मला वाटलं, आज आपल्या हातून काहीही व्हायला नको, म्हणजे झालं.

शेवटच्या चार ओव्हर राहिल्या आणि वारा पडला. सूर्य पाण्याकडे उतरला की होतं तसं. मांडवाची कनात हलायची थांबली. सुहासच्या हातात चेंडू दिला गेला. तो पाठमोरा आपल्या खुणेकडे चालत निघाला. काका गोलंदाजाच्या बाजूला उभे होते. त्यांनी खिशातून कापूस काढला, सोडला. तो सरळ त्यांच्या बुटावर पडला. मला तेवढ्या लांबून दिसलं.

मग काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मला कळलं ना. लगेच कळलं. त्यांना विचारता येत नव्हतं, कलमाप्रमाणे विचारायचा अधिकार एकट्या माझा होता. एक हात वर करून "बदलूया?" एवढं म्हणायचं होतं. वारा नाही म्हणजे हेवी बेल्सना मैदानात कामच नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण माझ्या मागे ती माणसं होती. मी मान खाली घातली आणि चेंडू मोजायचे सहा खडे या हातातून त्या हातात करत राहिलो. पुन्हा वर बघितलं तेव्हा काका समोर फलंदाजाकडे बघत होते.

तिसरा चेंडू. टप्पा पडला, आत आला, फलंदाज चुकला. 'टक्' असा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. ऑफ स्टंपला लागला होता. बेल खोबणीतून उठली, आम्ही सगळ्यांनी ती उठलेली बघितली, आणि ती पुन्हा जागेवर बसली. यष्टिरक्षक दोन्ही हात वर करून नाचत होता तो तसाच थांबला. काका चालत तिथवर गेले, वाकले, हात न लावता बघितलं, आणि म्हणाले, "नाबाद."

साधी बेल असती तर पडली असती. मला याबद्दल आजही शंका नाही. त्या फलंदाजाने पुढच्या दोन ओव्हरमध्ये सामना संपवला. जिल्ह्याच्या संघात चिपळूणचा गोलंदाज गेला. चांगला होता तोही, त्याला नावं ठेवत नाही मी.

घरी सुहास ओटीवर उभा राहिला, बूट न काढता. काका आत येत होते. तो म्हणाला, "वारा पडला होता, बाबा. अख्ख्या रत्नागिरीचा वारा तुम्हाला कळतो. आजचाच कळला नाय?"

काका म्हणाले, "पाण्याच्या वेळेला वारा होता."

"मी पाण्याच्या वेळेचं विचारत नाय."

काकांनी माझं नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे मोकळे झाले असते. मी दारातच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही. काकूंनी पानं घेतली तेव्हा मी पोट बिघडलंय असं सांगून खोलीत जाऊन पडलो. माझ्यासारखा भेकड मीच.

सुहासने त्यानंतर सीझन बॉल हातात धरला नाही. वर्षभरात लोट्याला एका कारखान्यात लागला, कंपनीच्या बसने जायचा, पुढे तिकडेच खोली केली. काका पुढच्याच रविवारी कापूस खिशात घालून मैदानावर हजर. गावाने तोंडात बोट घातलं. मी आणखी आठ महिने त्यांच्याबरोबर उभा राहिलो, पण "बदलूया?" असं त्यांनी विचारलं की मला घाम फुटायचा. मग माझी बदली झाली. त्या नजरेबद्दल ते माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. मला वाटायचं, मनातून त्यांनी मला केव्हाच उतरवलंय. वर्षाकाठी एखादं पत्र, नंतर फोन, काकू गेल्या तेव्हा जाऊन आलो. बास.

या जानेवारीत रत्नागिरीत एका लग्नाला गेलो. जेवण उरकलं आणि पाय आपोआप मांडवीकडे वळले. काका सत्त्याऐंशीचे. ओटीवर त्याच जागी, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पायरी चढलो तर डोळे बारीक करून म्हणाले, "देवरूख, केस कुठे गेले तुझे?" सुहास घरीच होता. रजा काढून महिना महिना येऊन राहतो म्हणाला, आता बाबांना एकटं ठेवता येत नाही. बापलेकांचं बोलणं मी ऐकलं. "गोळी घेतलीत?" "घेतली." "पंखा लावू?" "नको." एवढंच. भांडण नाही, काही नाही. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं असणार. सुहास चहा टाकायला आत गेला.

मला राहवेना. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलंत."

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. "बघितलं," म्हणाले.

"मला कळलं होतं. मी घाबरलो. मी नुसता हात वर केला असता तर सुहासचं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. तुम्ही मला कधी बोललाही नाहीत. निदान दोन शिव्या तरी घालायच्या."

"तुला कशाला शिव्या?" काका माझ्याकडे बघत राहिले. "चुकलो मी. तुझ्याकडे बघायला नको होतं."

"पण वारा खरंच पडला होता, काका. बदलायलाच पाहिजे होत्या."

"होय तर. पडला होता. कापूस बुटावर पडला माझ्या. पण मला बोलता येत नव्हतं ना, म्हणून मी तुझ्या तोंडून वदवून घ्यायला बघत होतो. आपलाच नियम आणि आपणच चोरवाट शोधत होतो. ते पंचाचं बघणं नव्हतं रे, बापाचं होतं. आयुष्यात एकदाच मैदानावर असं झालं माझं. त्याची लाज वाटते मला अजून."

दारात आवाज झाला. सुहास चहाचे कप घेऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याने कप खाली ठेवले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," तो म्हणाला.

"कळलं होतं."

"मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा बोलला का नाय?"

"काय बोलू? ह्याचं नाव सांगू? आपल्या घरात राहत होता तो, परक्याचा पोर."

सुहास माझ्याकडे बघेल आणि काहीतरी बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "मला वाटायचं," तो बापाला म्हणाला, "तुमचं ध्यानच नव्हतं. माझी ओव्हर होती आणि तुमचं ध्यानच नव्हतं."

काकांनी मान वर केली.

"आउट होता तो," काका म्हणाले. "पंच म्हणून नाय सांगत. पण आउट होता, सुहास. काय बॉल टाकला होतास तू."

अठ्ठेचाळीस वर्षांचा तो माणूस खाली पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.